निळ्या रेघेचा कप

'तुमची मुलगी करते काय?' हा प्रश्न गेली दहा-बारा वर्षे मी चुकवीत आलो आहे. मुलगी काही भलता उद्योग करते अशातला भाग नाही. चांगली पीएच.डी. झालेली आहे, सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडते, संध्याकाळी सातला परत येते, पगारही वेळेवर होतो. परंतु ती नेमके काय करते हे सांगायला मी तोंड उघडले, की समोरचा गृहस्थ पहिल्या वाक्याला मान डोलावतो, दुसऱ्या वाक्याला घड्याळाकडे पाहतो आणि तिसऱ्या वाक्याला 'बरं, लग्नाचं काय?' असे विचारून मोकळा होतो. आमच्या सौभाग्यवतींनी यावर सोपा तोडगा काढला आहे. 'कॉम्प्युटरमध्ये आहे,' एवढेच त्या सांगतात. ते खोटे नाही. पण एखादा माणूस 'पोस्टात आहे' एवढेच सांगावे आणि तो पत्रे वाटतो की तिकिटे विकतो हे सांगूच नये, तशातला हा प्रकार.

यंदा दिवाळीच्या निमित्ताने मी ठरवले की एकदा बसून हे नीट लिहून काढायचे. मुलीचे कौतुक करावे हा हेतू नाही. या विषयाशी माझे एक जुने देणे गुंतलेले आहे, आणि ते देणे माझ्या आत्याचे आहे.

गोष्ट १९६८ सालची. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. तीन खोल्या आणि माणसे अकरा. आत्या बावीस वर्षांची होती. तिला खोकला सुरू झाला, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, आणि एक दिवस छातीचा फोटो काढून आल्यावर घरातली मोठी माणसे दार लावून बोलू लागली. आम्हां मुलांना 'आत्याला छातीचं दुखणं आहे' एवढेच सांगण्यात आले. क्षय हा शब्द त्या घरात दीड वर्ष कोणी उच्चारला नाही. फक्त एक गोष्ट झाली. फडताळात एक पांढरा कप होता, त्याच्या कडेला निळी रेघ होती. तो आत्याचा कप झाला. तो वेगळा धुवायचा, वेगळा ठेवायचा. आणि तो चुकून इतर कपांत मिसळत नाही ना, हे पाहण्याचे काम आजीने माझ्याकडे सोपवले. मी दहा वर्षांचा होतो. घरातले कुठलेच काम मी कधी धड केले नव्हते. हे मात्र डोळ्यांत तेल घालून केले. एकदा आत्याने स्वतःच तो कप इतरांच्या ओळीत ठेवला, तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने ओरडलो होतो. आत्या काही बोलली नाही. तिने कप उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवला.

स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, आयसोनियाझिडच्या गोळ्या आणि पासच्या घशाखाली न उतरणाऱ्या पुड्या असा दीड वर्ष क्रम चालला, आणि आत्या बरी झाली. ठरत आलेले तिचे लग्न मात्र मोडले. पुढे तिने सरकारी कचेरीत नोकरी केली, दोन भावांच्या मुलांची शिक्षणे केली, आणि ती एकटी राहिली.

मोठा झाल्यावर मला कळले की क्षय कपबशीतून पसरत नाही. तो पसरतो खोकल्यातून, हवेतून. आणि आम्ही काय केले होते? कपावर पहारा बसवला होता, आणि आत्याला वारा लागू नये म्हणून तिच्या खोलीची एकुलती एक खिडकी घट्ट लावून घेतली होती! शिवाय, मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ सालीच दाखवून दिले होते की औषधे नीट चालू असली तर घरी राहून उपचार घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. म्हणजे उत्तर आमच्याच देशात नऊ वर्षांपूर्वी निघालेले होते. आम्ही मात्र चुकीच्या जागी बोट ठेवून बसलो होतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण माझ्या मुलीचा सगळा व्यवसाय या एका वाक्याभोवती फिरतो.

२०११ साली, म्हणजे तब्बल त्रेचाळीस वर्षांनी, आत्याला पुन्हा खोकला सुरू झाला. पुन्हा फोटो, पुन्हा तपासणी, पुन्हा तेच निदान. यावेळी चार औषधे आणि सहा महिने एवढ्यावर निभावले. माझी मुलगी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि पुढे बँकेच्या परीक्षा द्याव्यात असे आमचे, म्हणजे बहुतेक माझेच, ठरलेले होते. ती आत्याबरोबर दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांना तिने विचारले, "इतकी वर्षं तो जंतू होता कुठे?"

डॉक्टर म्हणाले, "झोपला होता."

त्या दोन शब्दांनी आमच्या बँकेच्या परीक्षा बुडाल्या. घरी आल्यावर मुलगी मला म्हणाली, "बाबा, झोपला होता म्हणजे काय? झोपायचं हे त्याला कळतं कसं? आणि उठायचं हे सांगतं कोण?"

ती पुढे जे शिकली ते जेवणाच्या टेबलावर मला तुकड्यातुकड्यांनी समजत गेले. मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रितशोधक होतो. आधी खिळ्यांच्या जुळणीची मुद्रिते तपासली, मग संगणकावरची. विज्ञान मला येत नाही, पण अक्षरे येतात. आणि गंमत अशी की हा सगळा मामला अक्षरांचाच निघाला.

प्रत्येक जंतूच्या पोटात एक ग्रंथ असतो. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो: ए, सी, जी, टी. क्षयाच्या जंतूचा ग्रंथ १९९८ साली पुरता वाचून झाला. त्यात ४४ लाखांहून थोडी जास्त अक्षरे निघाली. आमच्या छापखान्याच्या हिशेबाने पानाला दोन हजार अक्षरे धरली तर बावीसशे पाने. स्वल्पविराम नाही, परिच्छेद नाही, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. या ग्रंथात सुमारे चार हजार पाककृती आहेत. त्यांना जनुके म्हणतात, आणि एकेका जनुकावरून एकेक प्रथिन तयार होते.

"मग झालं की!" मी म्हणालो. "ग्रंथ वाचला, पाककृती सापडल्या. आता काय शोधायचं राहिलं?"

"बाबा, रुचिरा घरात आहे म्हणून आई रोज त्यातले सगळे पदार्थ करते का?"

मुद्दा बिनतोड होता. कोणता पदार्थ केव्हा करायचा, हे कुठे लिहिलेले असते? हा प्रश्न पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी सोडवला. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जंतू असतो. त्याच्यापुढे ग्लुकोज आणि दुधातली साखर अशी दोन्ही वाढली तर तो आधी ग्लुकोज संपवतो, क्षणभर थबकतो आणि मग दुधाच्या साखरेला हात घालतो. ही मौज मोनो यांनी १९४० च्या सुमाराला पाहिली होती. १९६१ साली दोघांनी तिचा उलगडा मांडला. दुधाची साखर पचवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते. तो बसला आहे तोवर पुढचा मजकूर वाचता येत नाही. दुधाची साखर आली की तिचेच एक रूप त्या पहारेकऱ्याला चिकटते, तो जागा सोडतो आणि वाचन सुरू होते. १९६५ साली या दोघांना, त्यांचे वडीलधारे सहकारी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. तो पहारेकरी प्रत्यक्ष हाती लागला त्यानंतर, १९६६ साली. काही पहारेकरी याच्या उलट असतात. ते येऊन बसले की बंद मजकूर उघडतो.

माझी मुलगी शोधते त्या या बसण्याच्या जागा. बावीसशे पानांत अशी जागा पंधरा-वीस अक्षरांची, आणि ती ओळखायची संगणकाने.

"सोपं आहे," मी म्हणालो. "शब्द माहीत असेल तर संगणकाला सांगायचं, हा शब्द शोध. आम्ही छापखान्यात रोज करत होतो."

"बाबा, 'दीपावली' हा शब्द तुम्ही आयुष्यात किती प्रकारे चुकलेला पाहिला?"

मी मोजू लागलो. दिपावली, दीपावलि, दिपवाली, दीपवली. एका जाहिरातीत तर 'दीपावळी'. आणि तरीही प्रत्येक वाचकाला तो शब्द बरोबर ओळखू आला होता. जंतूंचे शुद्धलेखन नेमके असेच असते. पहारेकऱ्याला शब्द अगदी निर्दोष लागत नाही. काही अक्षरांबाबत तो कडक असतो, काहींबाबत सोडून देतो. मग करायचे असे, की प्रयोगाने पक्क्या ठरलेल्या वीस-तीस जागा एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येक रकान्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजायचे. त्यावरून प्रत्येक अक्षराला गुण द्यायचे, आणि ते गुणपत्रक ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सरकवत न्यायचे. जिथे बेरीज मोठी येईल तिथे खूण करायची. अमेरिकेत गॅरी स्टॉर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ई. कोलायमध्ये प्रथिनाची जुळणी कुठून सुरू होते त्या जागा अशा रीतीने ओळखून दाखवल्या. पुढे १९९० साली श्नायडर आणि स्टीफन्स यांनी या रकान्यांचे चित्र काढायची एक युक्ती दिली. जे अक्षर पक्के ते उंच, जे ढिले ते बुटके. मुलीने ते चित्र दाखवले तेव्हा मला वाटले, एखाद्या कंपोझिटरने नजर चुकून दहा मापांचे खिळे एका ओळीत जुळवले आहेत!

पण इथेच खरी अडचण सुरू होते. १९७५ साली प्रिब्नो यांनी सहा अक्षरांचा एक प्रसिद्ध शब्द दाखवला, टी-ए-टी-ए-ए-टी. ई. कोलायमध्ये जनुकाचे वाचन जिथून सुरू होते त्याच्या थोडे अलीकडे हा शब्द, किंवा त्याचे एखादे चुकीचे शुद्धलेखन, असते. आता चार अक्षरांतून सहा अक्षरी शब्द ४,०९६ होतात. म्हणजे चिठ्ठ्या टाकून अक्षरे मांडली तरी दर ४,०९६ अक्षरांमागे हा शब्द एकदा आपोआप येणार. ई. कोलायच्या ४६ लाख अक्षरांत तो नुसत्या योगायोगाने अकराशेच्या वर वेळा दिसेल. आणि खऱ्या जागांत मात्र सहाच्या सहा अक्षरे जुळलेली फार थोडी! खोटा शब्द शुद्ध आणि खरा शब्द अशुद्ध. चाळीस वर्षांत माझ्यावर असा प्रसंग आला असता तर मी राजीनामा दिला असता.

"मग खरं कुठलं ते कळतं कसं?" मी विचारले.

"नातेवाइकांकडे चौकशी करायची," ती म्हणाली.

हे मला आमच्या सौभाग्यवतींनी समजावले, तेही चकल्या करता करता. माझ्या आजीची, आईची आणि सासूबाईंची अशा चकलीच्या भाजणीच्या तीन वह्या आमच्या घरात आहेत. एकीत तांदूळ चार वाट्या, दुसरीत तीन. एकीत धने आहेत, दुसरीत नाहीत. एकीत मुगाची डाळ आहे, तर दुसरीत पोहे. परंतु तिन्ही वह्यांत एक ओळ सारखी आहे, 'मोहन कडकडीत घालावे.' सौ. म्हणाल्या, "तीन घरांत सगळं बदललं आणि हे बदललं नाही, म्हणजे यातच चकली आहे." जंतूंचेही तसेच. एकाच पूर्वजापासून निघालेल्या भाऊबंद जंतूंचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवायचे. पिढ्यानपिढ्या नकला होताना बिनकामाची अक्षरे बदलत जातात. ज्या अक्षरांवाचून घर चालत नाही ती टिकतात. जुळणारा शब्द एकट्याच घरात असेल तर संशय घ्यावा. पाच भाऊबंदांत त्याच जनुकाच्या तोंडाशी असेल तर जवळ जाऊन पाहावे.

एवढे करूनही हाती येते ती यादी. पुरावा नव्हे. हा धडा आमच्या घराने नीट गिरवला आहे. मुलीची पहिली मोठी यादी तयार झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या जागेला असे काही भरघोस गुण पडले होते की मी वाड्यातल्या जुन्या शेजाऱ्यांनासुद्धा फोन करून सांगितले. मग तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण ती जागा प्रत्यक्ष तपासायला बसली. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, म्हणून अशी कामे पुष्कळदा त्याच्या एका भरभर वाढणाऱ्या, निरुपद्रवी भाऊबंदावर करतात. तरी दोन महिने गेले. आणि उत्तर आले, की तिथे पहारेकरी बसतच नाही. पहिला क्रमांक साफ खोटा.

मी हळहळलो. मुलगी त्या रात्री जेवली नाही. पण सकाळी उठून पुन्हा टेबलाशी बसली. मी म्हणालो, "इतकं सारखं दिसत होतं गं!"

ती म्हणाली, "सारखं दिसत होतं, एवढंच आपल्याला माहीत होतं, बाबा. बाकीचं आपण धरून चाललो."

मी गप्प बसलो. माझ्या डोळ्यांपुढे निळी रेघ आली.

असे असले तरी हा खेळ केवळ फजितीचा नाही. क्षयाच्या जंतूच्या झोपेचेच उदाहरण घ्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जया त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूतली एक जोडी शोधून २००० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जोडीतला एक निरोप घेणारा आणि दुसरा पहाऱ्यावर बसणारा. त्यांनी दिलेल्या इंग्रजी आद्याक्षरांमुळे त्या पहारेकऱ्याचे नाव 'देव-आर' असे वाचता येते. परदेशात त्यालाच 'डॉस-आर' म्हणतात. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरंय. इतकी वर्षं देवच छातीत होता म्हणायचा."

जंतूला श्वासाला प्राणवायू कमी पडू लागला, की हा पहारेकरी जागा होतो आणि सुमारे ४८ जनुके उघडतो. तो बसतो कुठे? २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, प्राणवायू तुटताच जी जनुके जागी होतात त्यांच्या तोंडाशी काय समान आहे, हे संगणकाला विचारले. वीस अक्षरांचा एक शब्द निघाला. जवळजवळ त्या सर्व जनुकांपाशी त्याचे कुठले ना कुठले शुद्धलेखन होते. त्याची घडणही पाहण्यासारखी आहे. 'चिमा काय कामाची' हे वाक्य लहानपणी आपण उलटसुलट वाचले आहे. हा शब्द त्याच जातीचा; फक्त उलट वाचायचे ते डीएनएच्या समोरच्या धाग्यावर, जिथे ए-पुढे टी आणि सी-पुढे जी असते. कारण तिथे पहारेकरी जोडीने येतो, आणि दोघांना धरायला सारख्याच मुठी लागतात.

पण ते संशोधक तिथे थांबले नाहीत, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. एका जनुकापुढच्या या शब्दातली अक्षरे त्यांनी मुद्दाम बदलली. पहारेकरी बसेनासा झाला, आणि प्राणवायू तोडला तरी पुढचे वाचन सुरू होईना. तेव्हा कुठे त्या जागेवर पक्की खूण पडली. क्षयाच्या झोपेची सगळी कथा या एका शब्दात नाही, तिचे आणखी पुष्कळ धागे आहेत, असे मुलगी बजावून सांगते. परंतु जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांना हा जंतू कधी ना कधी शिवलेला आहे असा अंदाज आहे. त्यांतल्या फार थोड्यांत तो रोग म्हणून उठतो. तो कोणत्या इशाऱ्यावर निजतो आणि कोणत्या इशाऱ्यावर उठतो हे कळले, तर त्याला निजल्याजागी गाठता येईल. बावीसशे पानांत योग्य ओळीवर बोट ठेवण्याला एवढी किंमत आहे.

गेल्या दिवाळीत, पाडव्याला, आम्ही आत्याकडे फराळाला गेलो. ती आता अठ्ठ्याहत्तरीची आहे, एकटीच राहते, आणि चकल्या अजून स्वतः पाडते. बोलता बोलता तिने मुलीला विचारले, "काय गं, तुझ्या त्या यंत्राला विचार की, माझा तो अडुसष्ट सालचा पाहुणा मधेच उठला कशानं?"

मला वाटले, मुलगी काहीतरी छानसे सांगून म्हातारीचे समाधान करील. ती म्हणाली, "आत्याआजी, तोच उठला की नवाच कुणी आला, हेसुद्धा खात्रीनं नाही सांगता येत. दोन्ही वेळचे जंतू जपून ठेवले असते तर ताडून पाहता आलं असतं. दुखणं तेच दिसलं म्हणून जंतू तोच, असं नाही."

आत्या थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असं कुणी आमच्या वेळी बोललं असतं, तर बरं झालं असतं गं."

तेव्हा माझ्याने राहवले नाही. छप्पन्न वर्षे जे बोललो नव्हतो ते मी बोललो. "आत्या, तुला तो निळ्या रेघेचा कप आठवतो? मी एकदा ओरडलो होतो सगळ्यांसमोर."

"आठवतो की!" आत्या म्हणाली. "त्या अकरा माणसांच्या घरात माझा कप वेगळा, म्हणून तर मला आधी आणि गरम चहा मिळायचा. तुझ्या आईला बिचारीला मिळायचा तो शेवटचा, गार."

मी माफी मागायला तोंड उघडले होते. पण तिने तोवर माझ्या बशीत दोन चकल्या टाकल्या होत्या.

"कपाचं राहू दे," ती उठता उठता म्हणाली. "ती खिडकी उघडली असतीत ना, तर मला समोरचा पारिजातक दिसला असता."

ती चहा ठेवायला आत गेली. मी उठलो आणि तिच्या बैठकीच्या खोलीची खिडकी उघडी आहे ना, ते पाहून आलो. ती उघडीच होती. बहुधा गेली कित्येक वर्षे उघडीच असावी.